शब्दांची उतरंड : डिके म्हणजे सडणं की पडणं?

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा उघडला आणि नाकाला पदर लावावा की काय असं वाटलं. सडणं, कुजणं, किडणं, पू, क्षय! पावसाळ्याचा गुण असणार. विश्वामित्री काठ सोडेल या धास्तीने बडोद्यात माणसं कपाटांचे खालचे खण रिकामे करतात. २०२४ च्या ऑगस्टपासून तर जास्तच. खणांतून जे काही निघतं, त्यावरून असे प्रश्न सुचत असावेत. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही. मला कोणी बाई लिहितं, कोणी बेन; दांडिया बाजारात राहायचं तर दोन्ही चालवून घ्यावं लागतं.

प्रश्न : बाई, बारावीतल्या नातवाच्या भौतिकशास्त्रात ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह डिके’ आहे. माझ्या दाढेबद्दल डॉक्टरांनी कागदावर ‘डिके’ असंच लिहिलं. आणि आमच्या मांडवीकडच्या जुन्या घराबद्दल मुलगा म्हणतो, बिल्डिंग डिके होतेय. अणू, दाढ आणि घर तिन्ही एकदम कसे सडायला लागले? शब्दकोशात मात्र ‘डिके म्हणजे सडणे, कुजणे’ एवढंच दिलंय. (एक आजोबा, रावपुरा)

उत्तर : आजोबा, तुमचा शब्दकोश खिशातला दिसतोय. तो बाजूला ठेवा.

डिके हा शब्द जन्माने सडण्याचा नाही, पडण्याचा आहे. लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणं. त्याच्या आधी ‘दे’ लागलं की खाली येणं, असलेल्या जागेवरून उतरणं. लॅटिन मोडून फ्रान्समध्ये ज्या बोली झाल्या, त्यांपैकी उत्तरेकडच्या बोलीत त्याचं ‘देकाइर’ झालं आणि पंधराव्या शतकात ते इंग्रजीत ‘डिके’ म्हणून रुळलं. त्या काळी इंग्लंडात डिके व्हायची ती घराणी, जहागिरी, व्यापाराची गावं, माणसाची प्रकृती. आपण म्हणतो ना, ‘त्यांचं घर खालावलं’, ‘पेढीला उतरती कळा लागली’. अगदी तेच. फळ किंवा मढं कुजण्याला डिके म्हणायला लागले ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे नंतरच. धाकटा अर्थ घरात येऊन थोरल्याच्या डोक्यावर बसला, असं भाषेत पुष्कळदा होतं.

या ‘कादेरे’चं गोत्र फार मोठं. पानझडी झाडांना इंग्रजीत डेसिड्युअस म्हणतात, तीही पडणारीच. अ‍ॅक्सिडेंट म्हणजे अंगावर येऊन पडलेली गोष्ट. कॅस्केड म्हणजे धबधबा. ऑक्सिडेंट म्हणजे पश्चिम दिशा, कारण सूर्य तिकडे पडतो. सगळ्यांत मला आवडतो तो चान्स. फासे टाकले की ते कसे पडले, यावरून तो शब्द आला. शकुनीमामापासून आपणही ‘दान पडलं’ असंच म्हणत आलोय.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत ते सांगते, कारण मला राहवत नाही. लॅटिनमधल्या ‘क’च्या जागी संस्कृतात बऱ्याचदा ‘श’ येतो. तिकडे शंभराला ‘केंटुम’, इकडे ‘शत’. तिकडे ‘देकेम’, इकडे ‘दश’. त्याच हिशेबाने लॅटिन ‘कद्’च्या समोर संस्कृतात ‘शद्’ धातू उभा आहे, अर्थ गळून पडणं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो ‘शद्लृ शातने’ असा दिलाय, आणि युरोपातल्या मोठ्या व्युत्पत्तिकोशांनी या दोघांची सोयरीक लावलेली आहे. पुढे प्राकृतात काय झालं? प्राकृताचा जुना व्याकरणकार वररुची, त्याचं सूत्र आहे की ‘शद्’ आणि ‘पत्’ या धातूंच्या शेवटी ‘ड’ येतो. मग बाराव्या शतकात आपल्या गुजरातेतच, पाटणला, सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात तोच नियम पुन्हा नोंदवला. त्यांनी धातू ‘सद्’ असा धरला, रूपं तीच दिली : ‘सडइ’ आणि ‘पडइ’. हेच आपले सडणं आणि पडणं! दोघं एकाच सूत्रात, एकाच मांडीवर बसलेले. म्हणजे ज्याला तुम्ही निव्वळ घाणेरडा शब्द समजत होतात तो ‘सडणे’सुद्धा मुळात गळून पडण्याचाच आहे, आणि लांबच्या नात्याने डिकेचा चुलतभाऊ लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. अशा वेळी दुसरं काय करायचं असतं?

आता तुमची तीन प्रकरणं. नातवाचं आधी, त्याची परीक्षा असेल.

अर्नेस्ट रदरफर्डने १९०० मध्ये थोरियम या किरणोत्सारी धातूमधून निघणाऱ्या वायूची क्रियाशीलता, म्हणजे किरणं सोडण्याचा जोर, मोजली, तर साधारण दर मिनिटाला ती निम्म्यावर येत होती. पुढे १९०२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्याने आणि फ्रेडरिक सॉडीने सांगितलं, की इथे एक मूलद्रव्य मोडून त्याचं दुसरं होतंय. त्या काळात हे बोलणं म्हणजे किमयागारांच्या पंगतीला जाऊन बसणं होतं. पडत होता तो मोजमापाचा आकडा, म्हणून डिके. यात कुजण्याचा वाससुद्धा नाही. कुजायला जंतू लागतात, ओल लागते, ऊब लागते. अणूला यातलं काही लागत नाही. बर्फात ठेवा की भट्टीत, तो आपल्याच हिशेबाने मोडतो. कार्बन-१४ चे जितके अणू आज आहेत, त्यांतले निम्मे ५७३० वर्षांत मोडतील, उरलेल्यांतले निम्मे पुढच्या ५७३० वर्षांत. गंमत अशी, की त्यातला एखादा अणू काल तयार झालेला असो की पाच हजार वर्षांचा असो, पुढच्या क्षणी तो मोडण्याची शक्यता तेवढीच. म्हातारपण म्हणून काही त्याला नाहीच. आजोबा, या एका बाबतीत अणू आपल्यापेक्षा नशीबवान. मराठी विज्ञानलेखनात याला कोणी ‘क्षय’ म्हणतं, कोणी ‘ऱ्हास’. मला ऱ्हास बरा वाटतो. ‘क्षय’ म्हटलं की खोकला ऐकू येतो.

तुमची दाढ. आपण म्हणतो दात किडला, कारण दातात कीड असते असं जुने लोक मानत. सुश्रुताने ‘कृमिदंतक’ म्हटलंय, आणि बाबिलोनच्या लोकांकडे तर दातातल्या किड्याला हाकलायचा मंत्र होता. खरा प्रकार बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० च्या पुस्तकात मांडला : तोंडातले जंतू साखर-पिठाचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. त्यांतला मुख्य जंतू, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ मध्ये ओळखला गेला. तोंडातली पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेली की वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. डॉक्टरांनी ‘डिके’ लिहिलं ते बरोबर आहे, आणि आपलं ‘किडणं’ही चुकलेलं नाही. फक्त किडा डोळ्यांना दिसण्याएवढा मोठा नाही इतकंच. जेवणानंतर तासभर तोंडात सुपारी धरायची सवय असेल तर ती सोडा. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, रावपुऱ्यातल्या आजोबांना मी ओळखते म्हणून सांगते.

घराच्या बाबतीत तुमच्या मुलाने घाई केली. चुन्याच्या जुन्या भिंतीत जमिनीतली ओल चढते, ओलीबरोबर क्षार चढतात, पाणी उडून गेलं की क्षारांचे खडे मागे राहतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. त्याला आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात, गुजरातीत लूणो. पोपडे पडले म्हणजे घर गेलं असं नव्हे. मात्र त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा मारायला निघालं असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. सिमेंटमागे ओल कोंडते आणि पुढची वीट खाते. जुन्या घराला चुनाच लावावा.

तेवढ्यात आणखी एक डिके सांगून टाकते, कारण तो तुम्हाला आठवत असेल. १९७९ मध्ये ‘स्कायलॅब पडणार, स्कायलॅब पडणार’ म्हणून केवढी घबराट झाली होती! स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा. सूर्यावरच्या हालचालींनी वरचं वातावरण तापून फुगलं, त्या विरळ हवेच्या घर्षणाने प्रयोगशाळेची कक्षा उतरत गेली आणि ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्या-तुकड्यांनी कोसळली. इंग्रजी वर्तमानपत्रांत याला ‘ऑर्बिटल डिके’ म्हणत. एवढी शतकं फिरून शब्द अगदी आपल्या मूळ घरी आला : वरून खाली, धाडकन.

प्रश्न : मी गुजराती, सासर मराठी. आमच्यात काहीही खराब झालं की ‘बगडी गयुं’ म्हटलं की काम होतं. इथे मी ‘दूध सडलं’ म्हटलं तर सगळे हसले. मग ‘भाजी नासली’ म्हटलं, तरी हसले. एकदाच काय ते सांगून टाका ना, बेन. (एक सून, कारेलीबाग)

उत्तर : सूनबाई, हसणाऱ्यांना विचारा की कळकणं म्हणजे काय. निम्मे गप्प बसतील.

मराठीत कोणती वस्तू कशाने गेली यावर क्रियापद ठरतं, आणि ते स्वयंपाकघरातच शिकायला मिळतं. दूध नासतं, तापवताना फुटलं तर फाटतं. अंडंही नासकं असतं. सकाळचं वरण किंवा पीठ राहिलं तर आंबतं. केलेली भाजी विटते. त्यावरूनच माणसाचं मन विटतं, जीव विटतो. तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं हे खवट होतात. लोणचं नीट मुरलं नाही आणि वर पांढरी साय आली तर ते बुरसलं. कांदे-बटाटे सडतात. पालेभाजी ओली ठेवली तर कुजते, नुसती ठेवली तर मलूल होते. धान्य किडतं, त्यात टोके होतात. पापड, चिवडा, बिस्किटं डबा उघडा राहिला की सादळतात. हा शब्द मला फार प्रिय, कारण त्यात काहीही बिघडलेलं नसतं. फक्त कुरकुरीतपणा गेलेला असतो. गूळ पाघळतो, मीठ पाझरतं, लोखंड गंजतं, जुनं लुगडं विरतं. आणि ताक किंवा आमटी कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात राहिली की ती कळकते. घरोघर स्टील आलं, कल्हईवाले गेले आणि हा शब्दही मोडीत निघाला.

पाठ करत बसू नका. ‘खराब झालं’ सगळ्याला चालतं. पण ‘सादळलं’ तेवढं शिका. पहिल्या पावसात सासूबाईंसमोर एकदा वापरून बघा.

आणि तुमच्याकडचं ‘कोहवुं’ विसरू नका. ‘फळ कोही गयुं’ म्हणता ना, तो शब्द संस्कृत ‘कुथ्’पासूनचा आहे. आयुर्वेदात अंग सडण्याला ‘कोथ’ म्हणतात, तोच. ‘बगडी गयुं’वर सगळं भागतं असं म्हणून तुम्ही आपल्याच माहेरावर अन्याय करताय.

प्रश्न : मुलगा इंग्लंडात जुनं घर घेतोय. तपासनिसाच्या अहवालात ‘ड्राय रॉट’ लिहिलंय. रॉट म्हणजे कुजणं, आणि कुजायला ओल लागते असं आम्ही शाळेत शिकलो. मग कोरडं कुजणं कसलं? घर घ्यावं की नाही? (एक वडील, मांजलपूर)

उत्तर : घर घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही, पण दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय सही करू नको म्हणावं.

रॉट हा शब्द डिकेसारखा लॅटिनमधून फिरत आलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘रोतियन’ होता, तो तिथलाच, मातीतला. त्यामुळे डिके म्हटलं की जरा सभ्य वाटतं आणि रॉट म्हटलं की वास येतो. ‘रॉटन’ हे विशेषण मात्र समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनी दिलं.

ड्राय रॉट ही एक बुरशी आहे, सर्प्युला लाक्रिमान्स. लाक्रिमान्स म्हणजे आसवं गाळणारी, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. आता जी रडते ती कोरडी कशी? तर ती लाकूड खाऊन जे मागे ठेवते ते कोरडं असतं : तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, बोटाने चुरा होणारं. सुरुवातीला तिलाही ओल लागतेच. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त पाणी असल्याशिवाय ती धरत नाही. पण एकदा धरली की दोऱ्यांसारखे तंतू सोडून विटांच्या आणि चुन्याच्या सांध्यांतून पार पलीकडे जाते आणि आपलं पाणी आपण वाहून नेते. म्हणून तिची भीती. रानटी अवस्थेत ती हिमालयात सापडते, म्हणजे मूळची आपल्याच बाजूची म्हणायची. तिला थंडावा लागतो. बडोद्याचा मे महिना तिने पाहिला तर ती जागीच मरेल. आपल्याकडचा शत्रू वेगळा, वाळवी. इथल्या मराठी घरांत तिलाही आपण उधईच म्हणतो.

या कुजण्याने इंग्रजांच्या आरमाराला रडवलं होतं. १८१० मध्ये पाण्यात सोडलेलं ‘क्वीन शार्लट’ हे मोठं लढाऊ जहाज मोहिमेवर जायच्या आधीच कुजायला लागलं, आणि त्याच्या दुरुस्तीवर पैसा ओतावा लागला. ओकचं चांगलं लाकूड लढायांत संपत आलेलं. मग त्यांना मुंबईची गोदी आठवली. तिथे वाडिया मंडळी (मूळची सुरतेची, म्हणजे आपले शेजारी) मलबारी सागवानाची जहाजं बांधत होती. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल आणि बुरशीला, वाळवीला नकोशी वाटणारी द्रव्यं असतात. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगतंय. तुमच्या मुलाला सांगा, घराचा निकाल काहीही लागो, एका रविवारी ते जहाज बघून ये.

प्रश्न : राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘रॉटन बरो’ आलंय. सडकं गाव? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : गाव सडकं नव्हे गं, मतदारसंघ सडका. इंग्लंडच्या संसदेत जुन्या हक्काने प्रतिनिधी पाठवणारी काही ठिकाणं अशी होती, की तिथे माणसंच उरली नव्हती. ओल्ड सेरम हे त्यांतलं नावाजलेलं : मोकळी टेकडी, मूठभर मतदार आणि संसदेत दोन जागा. १६९१ मध्ये ते थॉमस पिट या व्यापाऱ्याने विकत घेतलं. तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि हिंदुस्थानात विकत घेतलेला एक जगप्रसिद्ध हिरा त्याने मुलाबरोबर इंग्लंडला पाठवला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने असे मतदारसंघ बंद झाले. परीक्षेत ‘कुजलेले’ न लिहिता ‘पोखरलेले मतदारसंघ’ लिही. तपासणारे खूश होतील.

प्रश्न : मी परिचारिका आहे. इंग्रजी ‘पस’ आणि आपला ‘पू’ यांत एवढं साम्य कसं? इंग्रजांनी आपल्याकडून उचलला का? (सयाजीगंज)

उत्तर : कोणीच कोणाचा उचलला नाही. संस्कृतात ‘पूय’ म्हणजे पू आणि ‘पूति’ म्हणजे दुर्गंध. लॅटिनमध्ये ‘पूस’, ग्रीकमध्ये ‘प्यूओन’. सगळे एकाच फार जुन्या धातूचे, आणि बहुधा तो धातू म्हणजे नाक मुरडून काढलेला ‘पू!’ हा उद्गारच असावा असं माझं आपलं मत. लॅटिन-संस्कृतातल्या ‘प’ला जर्मन-इंग्रजी बाजूला ‘फ’ होतो : पितृ आणि फादर, पाद आणि फूट. त्याच चालीने इंग्रजीतले ‘फाउल’ आणि ‘फिल्थ’ हे घरचे शब्द झाले. ‘पस’ मात्र वैद्यांनी सरळ लॅटिनमधून आणला, म्हणून तो आपल्या ‘पू’च्या इतका जवळ दिसतो. फुटबॉलमध्ये पंच ‘फाउल’ म्हणून ओरडतो तेव्हा तो मूळ अर्थाने ‘घाण केलीस’ असंच म्हणत असतो.

तुमच्या कामातला ‘सेप्टिक’ मात्र या घरातला नाही. तो ग्रीक ‘सेपेइन’चा, त्याचाही अर्थ कुजवणं. आणि मढं कुजताना जी द्रव्यं तयार होतात त्यांना १८८५ मध्ये बर्लिनच्या लुडविग ब्रीगरने नावं दिली, प्युट्रेसीन आणि कॅडावरीन. पहिल्यात आपला पू आहे. दुसऱ्यात ‘कडाव्हर’, म्हणजे प्रेत, आणि त्याचा संबंध बहुतेक कोशकार त्याच ‘कादेरे’शी लावतात : जो पडला तो. वरच्या आजोबांना हे वाचून दाखवू नका.

प्रश्न : नुकतेच सोमनाथला जाऊन आलो. तिथे ऐकलं की चंद्राला क्षय झाला होता. टीबीला ‘क्षय’ हे नाव त्या कथेवरून पडलं का? (एक काका, मकरपुरा)

उत्तर : नाव आधीच होतं, कथा त्याच्या अंगाला घट्ट बसली. दक्षाने आपल्या सत्तावीस मुली, म्हणजे सत्तावीस नक्षत्रं, चंद्राला दिल्या. हा बसला रोहिणीकडेच. बाकीच्या सव्वीस जणी माहेरी रडत गेल्या, बापाने शाप दिला, चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. शेवटी प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथला, त्याला उतारा मिळाला तो अर्धाच : पंधरा दिवस झिजायचं, पंधरा दिवस वाढायचं. रोगाला ‘राजयक्ष्मा’ म्हणतात त्यातला राजा तो हाच, असं जुने वैद्य सांगत.

‘क्षि’ धातू झिजण्याचा. क्षीण त्याचाच, आणि पंचांगातली क्षयतिथीही. उलट बाजूने अक्षय्य तृतीया, जिला झीज माहीत नाही. पण मौज पुढे आहे. ग्रीक वैद्य याच रोगाला ‘फ्थिसिस’ म्हणत. इंग्रजीत उच्चार झाला थायसिस. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत तुम्ही पाहिला असेल. तो ग्रीक धातू आणि आपला ‘क्षि’ हे एकाच मुळाचे. ग्रीकांनी काय आणि आपण काय, माणूस खोकतो हे न बघता तो झिजतो हेच आधी पाहिलं. इंग्रजीतलं जुनं नाव ‘कन्झम्प्शन’, म्हणजे खाऊन टाकणं, तेही त्याच अंगाने गेलं. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जंतू दाखवला, तेव्हापासून रोगाच्या ओळखीत जंतू पुढे आला, झिजणं मागे पडलं. २४ मार्चला क्षयरोगदिन असतो तो यासाठीच. औषधं आता सरकारी केंद्रात फुकट मिळतात. घरात कोणी दोन आठवड्यांच्या वर खोकत असेल तर सोमनाथच्या आधी थुंकी तपासून घ्या.

प्रश्न : मुंबईची नात आली होती. ‘हातसडीच्या तांदळाचा भात आहे’ म्हटलं तर म्हणते, ‘आजी, सडलेले तांदूळ मी नाही खाणार.’ काय उत्तर द्यावं? (एक आजी, दांडिया बाजार)

उत्तर : तांदूळ आपोआप सडले तर ते फेकायचे, तांदूळ आपण सडले तर ते खायचे. उखळात घालून मुसळाने हलक्या हाताने कांडायचे, फोलपट आणि थोडा कोंडा पाडायचा, त्याला सडणं म्हणतात. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, कारण कोंडा पार निघतो आणि त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही जातं. जावा बेटावर आयकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्या असा पांढरा भात खाऊन लुळ्या पडल्या होत्या आणि कोंड्याने बऱ्या झाल्या. त्या कोंबड्यांपायी त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. नातीला कोंबड्यांची गोष्ट सांगा, आणि भात करताना पाणी जरा जास्त घाला, तो शिजायला वेळ घेतो. वरून मेतकूट-तूप.